अव्वादेवीचं ग्रहण

शनिवारी सकाळचे अकरा वाजत आले की मुक्ता फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा करून ठेवायची आणि आपण काही कुणाच्या फोनची वाट बघत नाही, असा चेहरा करून भांडी पुसायला घ्यायची. तो चेहरा बघायला घरात कोणी नसे. तिचा नवरा निहार शनिवारी अन्वीला पोहण्याच्या क्लासला घेऊन जायचा आणि येताना आठवड्याचा बाजार उरकून यायचा. तरी मुक्ता नेमाने पूजा करावी तसा तो चेहरा करायची. माणूस फार एकटा पडला की असली नाटकं स्वतःपुढेच करायला लागतो, त्याला प्रेक्षक लागत नाहीत.

फोन पुण्याहून यायचा, शरदचंद्र वर्तकांचा. वर्तकसर तिचे गुरू. वयामुळे विद्यापीठाने त्यांना मार्गदर्शकपदावरून कधीच मोकळं केलं होतं, त्यामुळे कागदोपत्री मुक्ताच्या प्रबंधाचे मार्गदर्शक दुसरेच एक गृहस्थ होते. त्या गृहस्थांना मुक्ताचा विषय नीट माहीत होता की नाही, याची शंकाच होती. खरं काम सरांच्या हाताखाली चाललेलं. सर एकदम मुद्द्यावर यायचे. कशी आहेस नाही, मुलगी काय करते नाही, तिकडे थंडी किती नाही. "हं, बोल, कुठवर आलो होतो?" की झाली सुरुवात. मग पाऊण तास तेराशे वर्षांपूर्वीच्या कोकणात दोघं हिंडून यायची आणि फोन ठेवला की मुक्ता पुन्हा ब्राउनश्वाइगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या झालेल्या भांड्यांपुढे उभी असायची.

ब्राउनश्वाइगने तिचं काही वाईट केलं होतं असं नाही. निहारची गाड्यांच्या गिअरबॉक्सवरची नोकरी उत्तम होती, घर उबदार होतं, शाळा जवळ होती. मराठी मंडळही होतं. पण मंडळातले सगळे सण शनिवारीच येत. कोजागिरी शनिवारी, संक्रांत शनिवारी, एकदा तर पाडवाही शनिवारी. मागच्या कोजागिरीला देवश्री नावाच्या उत्साही बाईंनी मसाला दुधाचं पातेलं बाल्कनीत नेलं, तेव्हा आकाशात कापलेल्या कलिंगडाएवढाच चंद्र होता. "चालतं गं, भाव महत्त्वाचा," देवश्री म्हणाली. मुक्ताला ते पटलं नाही. जिचं निम्मं आयुष्य तिथी जुळवण्यात गेलं तिला असं काही चालणार कसं? तिने दूध संपवलं आणि पुढच्या कार्यक्रमांना अन्वीची सर्दी पुढे करायला सुरुवात केली. अन्वी बिचारी ठणठणीत होती.

घरात बोलायचं तर अन्वीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. निहार घरी यायचा तो दमूनच. मुक्ताच्या कामाला तो "तुझा तो पत्रा" म्हणायचा. त्यात कुचेष्टा नव्हती. ताम्रपट म्हणजे तांब्याचा पत्रा हे त्याच्या दृष्टीने साधं वस्तूचं वर्णन होतं. पण मुक्ताला ते दर वेळी लागायचं.

तर हा पत्रा. सर तिशीत असताना कोकणातल्या एका गावी विहीर खणताना कडीत ओवलेले, एकाच ताम्रपटाचे दोन पत्रे निघाले. लोकांनी ते घासूनपुसून देवळात ठेवले होते. सरांनी तिथे जाऊन, पुजाऱ्याच्या ओसरीवर आठवडाभर मुक्काम ठोकून ते वाचले. कुठल्याशा छोट्या राजघराण्यातल्या अव्वादेवी नावाच्या राणीचं ते दान होतं. मजकूर असा, की दूरदेशाहून आलेल्या अव्वादेवीने, अमुक वर्षी अमुक पौर्णिमेला चंद्राला ग्रहण लागलं असता समुद्रात स्नान केलं आणि स्वतःच्या मालकीचं नारळी-पोफळीचं आगर वाटसरूंच्या जेवणासाठी देऊन टाकलं. राजाचं नाव फक्त ओळखीपुरतं. त्या घराण्यात बाईने आपल्या नावावर दिलेलं हे एकुलतं एक दान. या एका वाचनावर सरांचं नाव झालं. त्या पौर्णिमेला खरोखरच एक खंडग्रास चंद्रग्रहण झालं होतं, हेही सरांनी त्या वेळच्या छापील कोष्टकांवरून दाखवून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सगळ्यांनी म्हणजे एक सोडून. दक्षिणेकडच्या एका विद्वानांचं पहिल्यापासून म्हणणं होतं की हा ताम्रपट बनावट आहे, मागाहून कुणीतरी जमीन लाटायला करून घेतलेला. सर त्यांचं नाव निघालं की नुसते "हं" म्हणायचे.

मुक्ताचा प्रबंध कोकणातल्या दानपत्रांतल्या ग्रहणांवर होता. अव्वादेवीचं प्रकरण त्यातलं सगळ्यात मोठं. आणि दिवाळीच्या सुमाराला, मंडळाची दिवाळी शनिवारी होती म्हणून खऱ्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात सामसूम असताना, मुक्ताने ते ग्रहण संगणकावर लावून पाहिलं होतं. हल्ली त्यासाठी कोष्टकं घेऊन बसावं लागत नाही. गाव सांगायचं, तारीख सांगायची, की त्या दिवशीचं आकाश समोर उभं राहतं. तिने कोकणातलं ते गाव दिलं, तेराशे वर्षांपूर्वीची ती पौर्णिमा दिली आणि संध्याकाळ पुढे सरकवत नेली. सूर्य समुद्रात बुडाला. पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूने चंद्र वर आला. गोल गरगरीत, स्वच्छ, कुठे डाग नाही की खोक नाही.

ग्रहण झालं होतं, यात शंका नव्हती. पण ते चंद्र उगवायच्या आधीच सुटलं होतं.

मुक्ताने पुन्हा लावून पाहिलं. तारीख जुन्या पद्धतीची आहे ना, गावाचे अक्षांश-रेखांश बरोबर आहेत ना, सगळं तपासलं. चंद्र दर वेळी तसाच, धुतल्या ताटासारखा वर आला. आता जे ग्रहण डोळ्यांना दिसलं नाही ते पाळायचं नाही, हे तर आपल्या पंचांगातही छापलेलं असतं. मग न दिसलेल्या ग्रहणात अव्वादेवी समुद्रात कशाला उतरली? की ती उतरलीच नाही? दक्षिणेकडचे विद्वान म्हणतात तसं, कुणी चोराने पुढे कधीतरी कोष्टकातून एक ग्रहण उचललं आणि पत्र्यावर ठोकलं? म्हणजे अव्वादेवी नाहीच. म्हणजे सहा वर्षांच्या कामाचं मधलं प्रकरण नाही, आणि सरांच्या आयुष्यभराच्या नावाचा पाया नाही.

त्या शनिवारी सरांनी विचारलं, "अव्वाबाईंचं गणित कुठवर आलं?"

"चाललंय सर," मुक्ता म्हणाली. "चंद्राच्या गतीत थोडी गडबड वाटते. पुन्हा बघते."

"बघ, बघ. घाई नको."

पुढच्या शनिवारीही चाललंय. त्याच्या पुढच्याही. सबंध हिवाळाभर मुक्ताचं गणित चाललं होतं आणि सरही नेटाने घाई नको म्हणत होते. मग ती दोघं दुसऱ्या गोष्टी काढत. त्या काळी आगराला शिंपणं कसं करत असतील, वाटसरूंना भात मिळत असेल की नाचणी, अव्वादेवी मराठीसारखं काही बोलत असेल का. मुक्ता स्वतःला सांगायची की म्हातारपणी सरांना धक्का नको, त्यांच्या पत्नी शैलाकाकू गेल्यापासून ते खचलेत. हे खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. सांगितलं की प्रकरण मिटलं, प्रकरण मिटलं की प्रबंध संपला, आणि प्रबंध संपला की शनिवारचे अकरा वाजले काय न वाजले काय. अख्ख्या आठवड्यात तिला पूर्ण वाक्यात बोलायला लावणारा तो एकच माणूस होता. ती त्याला धरून बसली होती, आणि त्यासाठी खोटं बोलत होती.

फाल्गुनातल्या पौर्णिमेला भर दुपारी सासूबाईंचा नाशिकहून फोन आला. सरिताबाई फोनवर कधी नमस्कार-चमत्कार करत नसत.

"मुक्ता, काय करतेस?"

"लाउख चिरतेय, आई. म्हणजे ती कांद्याच्या पातीसारखी असते ना, ती. सूपसाठी."

"ठेव ती सुरी खाली! ग्रहण लागलंय."

मुक्ताने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भर दुपार होती, समोरच्या छपरांवर राखाडी आभाळ टेकलं होतं आणि ट्रामच्या थांब्यावर दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. "आई, इथे दुपार आहे. चंद्र उगवायला अजून किती वेळ आहे. इथे ते ग्रहण दिसणारच नाही."

"तिथे दिसो न दिसो. आपल्याकडे आहे ना? आम्हालासुद्धा काही फार नाही दिसायचं. पेपरात आलंय, चंद्र उगवेल तोच ग्रहण घेऊन. पूर्वेकडच्यांना चांगलं तासभर दिसेल आणि आम्हाला जाताजाता उगीच दर्शन. तरी मी दुधात तुळशीपत्र टाकलंय. अन्वीला सुटेपर्यंत काही खायला देऊ नको हं."

"नाही देत," मुक्ता म्हणाली. अन्वी त्या वेळी शाळेत कँटीनमध्ये बहुधा बटाटे चेपत असणार.

फोन ठेवल्यावर मुक्ता सुरी उचलायला गेली आणि तिचा हात थांबला. अन्वीच्या वेळी ती सात महिन्यांची गरोदर असताना असंच एक ग्रहण लागलं होतं. तेव्हाही नाशिकला संध्याकाळ आणि इथे दुपार. सासूबाईंनी सांगितलं होतं, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, एका जागी बसून राहायचं. मुक्ताचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण ती बसली होती. बाहेर लख्ख हिवाळी ऊन पडलं होतं, चंद्राचा पत्ता नव्हता, आणि ती नाशिकच्या घड्याळाप्रमाणे खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. पोटातल्या जिवासाठी नव्हे. तिकडे सासूबाई, तिची आई, मावशी, शेजारच्या बायका सगळ्या त्याच वेळी तशाच बसल्या होत्या, म्हणून. परक्या गावात आल्यापासून इतकं सोबतीत असल्यासारखं तिला तोवर कधीच वाटलं नव्हतं.

आणि मग तिला सासूबाईंचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. पूर्वेकडच्यांना चांगलं दिसेल.

तिने लाउख तशीच टाकली, हातही न धुता संगणक उघडला. अव्वादेवीची पौर्णिमा लावली. पण या वेळी गाव कोकणातलं दिलं नाही. पार पलीकडचं, कलिंगाच्या किनाऱ्यावरचं दिलं. तिथे सूर्य आधी मावळतो, चंद्र आधी उगवतो. समुद्रातून चंद्र वर आला, आणि त्याच्या खालच्या कडेचा एक घास खाल्लेला होता.

मुक्ता एकटीच मोठ्याने म्हणाली, "अगं बाई!"

दूरदेशाहून आलेली अव्वादेवी. कलिंगाची लेक, लग्न होऊन शेकडो कोस पश्चिमेला, आडव्या पसरलेल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला आलेली. माहेरचा एखादा जोशी तिच्यासोबत आलेला असणार, आणि तो माहेरच्याच आकाशाचं गणित करत असणार. इथल्या बायका म्हणाल्या असतील, अहो राणीसाहेब, चंद्र तर स्वच्छ आहे, कसलं ग्रहण घेऊन बसलात? तरी ती समुद्रात उतरली, कारण तिकडे तिची आई त्याच वेळी दुसऱ्या समुद्रात उतरली होती. म्हणून तर आगर वाटसरूंना दिलं. दुसरं कुणाला देणार? घरापासून लांब पडलेल्यांनाच ना!

पुढचे चार दिवस मुक्ता हवेत होती. तिने अव्वादेवीचं प्रकरण नव्याने लिहून काढलं. इतकं सुंदर तिने आजवर काही लिहिलं नव्हतं. ट्राममध्ये, बेकरीच्या रांगेत, अन्वीच्या शाळेच्या फाटकाशी ती मनातल्या मनात त्या बाईशी बोलत असायची. तुलाही इथलं पाणी मानवलं नाही का गं? तुझी पोरं कुठल्या भाषेत उत्तर द्यायची? रात्री जेवताना तिने निहारलाही सांगायचा प्रयत्न केला.

"म्हणजे पत्रा खरा आहे," निहार म्हणाला. "मस्त. मग सबमिट कर ना आता."

"पापा, व्हास इस्ट पत्रा?" अन्वीने विचारलं, आणि निहार तिला तांबं म्हणजे काय ते जर्मनमध्ये समजावत बसला. तांब्याची तार, तांब्याचा पाइप. मुक्ताला खरं म्हणजे पत्र्याविषयी बोलायचंच नव्हतं.

शनिवारी अकराला फोन वाजायच्या आतच तिने स्वतः लावला. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"सर, मीच केला. सापडलं!"

"कोण?" सर चहा पीत असावेत. "हं, मुक्ता. काय सापडलं?"

तिने सांगितलं. आधी कोकणातला स्वच्छ चंद्र, तो सांगताना मात्र तिचा आवाज थोडा पडला. मग कलिंगातला घास खाल्लेला चंद्र. मग माहेर, जोशी, दोन समुद्र, वाटसरू. सगळं एका दमात. बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती. पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"सुरेख आहे," सर म्हणाले. "मला एक सांग. कलिंग हा शब्द ताम्रपटात कुठल्या ओळीत आहे?"

"नाही सर, पण दूरदेशाहून आलेली असं..."

"दूरदेश. बरोबर. पूर्व कुठे आहे?"

"सर, पूर्वच असणार. ग्रहण पूर्वेलाच दिसलं ना."

"आणि ग्रहण तिने पाळलं कशावरून? तर ती पूर्वेची होती म्हणून." सरांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "चंद्रावरून तू तिचं माहेर काढलंस, आणि माहेरावरून चंद्र सिद्ध केलास. दोन पांगळे एकमेकांच्या खांद्यावर बसवून चालवतेस तू, बाळ. आणि तो जोशी. तो बिचारा तर सबंध पत्र्यात कुठेच नाही."

हे मुक्ताला कळत नव्हतं असं नव्हे. पहिल्या वर्षाच्या मुलाने असा वळसा घातला असता तर तिने लाल पेनाने खोडला असता.

"पण मग काय सर? खोटा म्हणायचा ताम्रपट? तुमचा?"

"माझा काय त्यात, मी काही ठोकला नाही तो. आणि खोटाच आहे असंही म्हणता येत नाही. गणितावर विसंबून, न बघता दान दिल्याची उदाहरणं आहेत. तू लिही, की हे ग्रहण या गावाहून दिसलं नसतं. तरी ते दानपत्रात का आलं, हे आज सांगता येत नाही. बस. माहीत नाही असं लिहायला लाज कसली?"

"आणि तिचं ते एकटेपण?" मुक्ता म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लहान मुलीसारखा वाटला. "ते खरं आहे सर. मला माहीत आहे ते."



"ते खरं आहे," सर म्हणाले. "पण ते तिचं नाही. तुझं आहे. प्रबंधात नको ते."

मुक्ताला रडू फुटलं. फोन खिडकीत तसाच ठेवून ती ओट्याला टेकली आणि हातातल्या पुसण्याच्या फडक्यात तोंड खुपसून रडली. तिला अव्वादेवीचं दुःख झालं, चार दिवसांची का होईना एक मैत्रीण गेली याचं. आणि दुसऱ्या कुणी हे इतकं सरळ बोलून दाखवलं नव्हतं, त्याचंही झालं. निहारला कळलं नव्हतं, मंडळात कुणाला कळलं नव्हतं, तिने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. आणि या म्हाताऱ्याने, ज्याने सहा वर्षांत तिला कधी कशी आहेस विचारलं नाही, त्याने ते तिच्या प्रकरणातून वाचून काढलं. रडणं थोडं ओसरल्यावर तिने फोन पुन्हा कानाला लावला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सरांनी तो ठेवला नाहीये.

"सर, आहात?"

"आहे. मला कुठे जायचंय?" मग ते म्हणाले, "कोकणातून ग्रहण दिसत नाही, हे तुला कधी कळलं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दिवाळीत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून." ती थांबली. "तसं नाही सर. सांगितलं असतं तर काम संपलं असतं. तुमचा फोन यायचा बंद झाला असता."

मुक्ताला वाटलं, आता आपण हेही घालवलं. मग सरांनी घसा साफ केला.

"मी मागच्या उन्हाळ्यातच काढलं होतं ते," ते म्हणाले.

"काय काढलं होतं?"

"चंद्रोदय. हाताने, कोष्टकावरून. हल्ली डोळ्यांना जाचतं, पण दुपारी करायचं काय? तेव्हाच कळलं की माझं चुकलंय. दिसतंय का हे बघायलाच मी विसरलो होतो तरुणपणी, नुसतं झालं होतं ना एवढंच पाहिलं. म्हटलं, तू हुशार आहेस, तुला सापडेल, तू सांगशील. दिवाळीनंतर तुझा आवाज बदलला तेव्हा ओळखलं की तुला सापडलंय. म्हटलं, आता सांगेल. तू म्हणालीस गणित चाललंय. मग दर शनिवारी वाटायचं, आज सांगेल. आणि तू सांगायची नाहीस. आणि मला बरं वाटायचं."

सगळा हिवाळा मुक्ताच्या डोळ्यांपुढून गेला. "बघ, बघ, घाई नको." तिला वाटलं होतं आपण एका म्हाताऱ्या माणसाला फसवतोय. आणि तिकडे पुण्यात तो म्हातारा माणूस तिने आणखी आठवडाभर फसवावं म्हणून जीव मुठीत धरून बसायचा. नसलेल्या ग्रहणाला मधे ठेवून दोघं जण दोन टोकांना वेध पाळत बसली होती.

"आता दे ते प्रकरण पूर्ण करून," सर म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा मास्तरांचा झाला होता, पण तो त्यांना नीट जमत नव्हता. "माझी चूक आहे असं स्पष्ट लिही, नाव घेऊन. जूनच्या आत दे. झालं मग तुझं काम."

"हो सर."

"ठीक आहे तर."

"ठीक आहे."

कुणीच फोन ठेवला नाही. बाहेर ट्राम आली, थांबली, गेली. मुक्ता डोकं खाजवत होती. पुढच्या शनिवारी यांच्याशी काय बोलायचं? अव्वादेवी सोडली तर या माणसाशी बोलायला तिच्याकडे एक विषय नव्हता. सर सकाळी कितीला उठतात, त्यांचा मुलगा कुठे असतो, काकू गेल्यावर घरात कामाला कोण येतं, यातलं तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. सहा वर्षांत तिनेही विचारलं नव्हतंच की. सर एकलकोंडे म्हणून ती आपली त्यांना दोष देत होती.

"सर," ती म्हणाली, "दुपारी जेवलात का?"

"अं?"

"जेवलात का, विचारतेय."

इतका साधा प्रश्न, पण तेराशे वर्षांपूर्वीची अक्षरं घडाघड वाचणारा माणूस अडखळला.

"खिचडी केली होती," ते अखेर म्हणाले. "मीच केली. बाई सध्या येत नाहीत. खाली लागली जरा. वरचा भाग खाल्ला."

"पाणी किती घातलं होतं?"

"तांदूळ बुडतील इतकं."

"अहो सर, तेवढ्यात कशी होईल? डाळ असते त्यात. चौपट लागतं. आणि गॅस बारीक. आधी फोडणीत हिंग घातलात का?"

"हिंग कुठे ठेवलाय ते सापडत नाही," सर म्हणाले. "शैलाने कुठे ठेवला होता कोण जाणे. दोन वर्षं झाली, बघतोय मी."

"घट्ट झाकणाच्या डबीत असेल. मसाल्यांपासून लांब ठेवतात तो, वास लागतो म्हणून. वरच्या फळीवर बघा, कोपऱ्यात. आत्ता बघा. मी थांबते."

"आत्ता?"

"हो. आत्ताच."

सर उठल्याचं ऐकू आलं. स्टूल ओढल्याचा आवाज आला, तशी मुक्ता घाबरून ओरडली, "सर, स्टुलावर चढू नका हं!" पण ते फोनपासून लांब गेले होते. डबे सरकल्याचे आवाज आले. एक पडला. मग बराच वेळ काहीच नाही. मुक्ता फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली. खाली दाराशी निहार आणि अन्वी आल्याचं तिला ऐकू येत होतं, जिन्यात पिशव्या आपटत होत्या, तरी ती हलली नाही.

मग सर फोनवर आले. त्यांना धाप लागली होती.

"सापडला गं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "अजून वास आहे."